बोटाच्या टोकावरील यंत्र : हस्तकौशल्यातील स्पर्शज्ञान

पंचज्ञानेंद्रियांची गणना करताना चक्षू आणि श्रोत्र यांची थोरवी सर्वत्र गायिली जाते. त्वगिंद्रियाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात मात्र याउलट भूमिका घेतली आहे. सर्व इंद्रियांना व्यापून राहणारे आणि मनाशी नित्य संलग्न असणारे असे इंद्रिय कोणते, तर ते स्पर्शनेंद्रिय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सुश्रुताचार्यांनी एकशे एक यंत्रांची गणना केली आणि त्या सर्वांत हात हेच प्रधान यंत्र होय, असे स्पष्ट सांगितले. ज्या शास्त्राने हाताला यंत्राचा दर्जा दिला, त्या शास्त्राच्या आजच्या अनुयायांचा हात रुग्णाच्या शरीरावर आणि औषधाच्या खलात दिवसातून किती वेळ असतो, हा प्रश्न आम्हांस काही काळापासून अस्वस्थ करीत आहे. औषध तयार डबीत येते, निदान तपासणीच्या कागदावर येते, आणि वैद्याचा हात केवळ लेखणीपुरता उरतो. हे असेच चालू राहिले तर पुढील पिढीच्या हाती शास्त्र राहील. हात मात्र राहणार नाही.

या विषयाचा विचार आमच्या हिंगोली जिल्ह्याच्या भूमीवरून करावा, असे आम्ही योजिले आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा लहान आहे. परंतु स्पर्शाच्या सूक्ष्मतेचे दोन अगदी भिन्न नमुने येथे थोड्या अंतरावर आढळतात. एक म्हणजे वसमत आणि हिंगोली परिसरातील हळदीचे हस्तकर्म. दुसरा म्हणजे औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात उभी राहत असलेली गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. पहिल्यात माणसाचे बोट काम करते, दुसऱ्यात माणसाने घडविलेले अतिसूक्ष्म यंत्र. या दोहोंपासून वैद्याने काय घ्यावे, हे प्रस्तुत लेखात पाहू.

हळदीच्या खळ्यावर

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. माघ-फाल्गुनात हळद काढणीला आली की जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे वेगवेगळी केली जातात. ही निवड करणाऱ्या, बहुधा स्त्रियांच्या, हातांकडे लक्षपूर्वक पाहावे. माती झटकत असतानाच कंद उचलला जातो, बोटांत फिरतो आणि आपल्या ढिगाकडे जातो. नेमके काय पाहिले, असे विचारले तर त्या मावशींना ते शब्दांत सांगता येईलच असे नाही. कुजका कंद बोटाला दबतो, किडका कंद हातात हलका लागतो, भरलेला कंद जड व घट्ट लागतो. वजन, काठिण्य आणि पृष्ठभाग या तिन्ही गोष्टींचा निर्णय एका क्षणात होतो आणि दिवसभरात तो असंख्य वेळा होतो.

त्यानंतर हळद शिजविण्याचे काम. पूर्वी ते काहिलीत होत असे. आता बहुतेक ठिकाणी वाफेवर चालणारे बॉयलर आले आहेत. शिजविल्याने कंदातील पिष्ट फुगून एकजीव होते, कच्चा वास जातो आणि रंग सर्वत्र सारखा पसरतो. कमी शिजली तर हळकुंड नीट वाळत नाही व आत रंग एकसारखा दिसत नाही. अधिक शिजली तर रंगच बिघडतो. म्हणून हळद नेमकी केव्हा उतरवावी, हाच या कामातील खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर आजही पुष्कळ अंशी हातच देतो. हळकुंड बोटांत दाबून पाहतात, अथवा त्यात काडी टोचून ती कितपत सहज आत जाते हे पाहतात. काडी टोचताना बोट कंदाला लागलेलेच नसते. काडीच्या टोकाला होणारा विरोध बोटाला कळतो. या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

उन्हात दहा-पंधरा दिवस वाळल्यानंतर हळकुंड मोडून पाहतात. नीट वाळलेले हळकुंड वाकत नाही, खणखणीत आवाज करून तुटते. अखंड हळदीत ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. बाजार समितीत व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर हळकुंडे वर काढतो, एक मोडतो व तुटलेली बाजू पाहतो. ओलावा मोजण्याचे यंत्र आता उपलब्ध आहे. परंतु कोणत्या ढिगाला यंत्र लावावे, हे प्रथम हातच सुचवितो.

बोटाच्या टोकाची घडण

हे ज्ञान कोठून येते? तळहाताच्या व बोटांच्या केशरहित त्वचेत स्पर्शाचे संदेश वाहून नेणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू आहेत, असा अंदाज स्वीडनमधील संशोधक योहानसन व वॉलबो यांनी १९७९ साली मांडला. त्यांची दाटी बोटांच्या टोकांवर सर्वाधिक आहे. दोन टोके एकाच वेळी टेकविली असता ती दोन आहेत असे ओळखण्यासाठी बोटाच्या टोकावर सुमारे २ मिलीमीटर अंतर पुरते; पाठीवर त्यासाठी ३० ते ४० मिलीमीटर अंतर लागते. हे तंतू चार प्रकारच्या ग्राहकांशी निगडित आहेत. मर्केल ग्राहक स्थिर दाब व कडा ओळखतात. माइस्नर ग्राहक निसटत्या वस्तूची सूक्ष्म हालचाल टिपतात. रुफिनी ग्राहक त्वचेचा ताण जाणतात. आणि खोलवर असलेले पॅसिनी ग्राहक जलद कंपने, विशेषतः सेकंदाला दोन-तीनशे कंपनांच्या आसपासची, टिपतात. उष्ण-शीत यांचे ग्राहक निराळे. मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याच्या साहाय्याने उष्णतेचा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाबाचा ग्राहक शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

या यंत्राची सूक्ष्मता किती? स्टॉकहोम येथील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अतिसूक्ष्म सुरकुत्या असलेले पृष्ठभाग तयार केले व लोकांना डोळे झाकून त्यांची तुलना करावयास सांगितली. सुमारे १० नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यांचा पृष्ठभागही सपाट पृष्ठभागाहून वेगळा ओळखता आला. मानवी केसाची जाडी यापेक्षा हजारो पटींनी अधिक असते. मात्र येथे एक अट लक्षात घेतली पाहिजे. बोट नुसते टेकवून ठेवले तर हे ज्ञान होत नाही. ते पृष्ठभागावरून हलकेच फिरवावे लागते. बोटावरील रेषा आणि पृष्ठभाग यांच्या घर्षणातून उत्पन्न होणारे कंपनच मज्जातंतूंना बोलके करते.

लेडरमन आणि क्लाट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली याच मुद्द्याचा विस्तार केला. पोत जाणण्यासाठी माणूस बोट आडवे फिरवितो, काठिण्य जाणण्यासाठी दाबतो, उष्णता जाणण्यासाठी हात स्थिर ठेवतो, वजन जाणण्यासाठी वस्तू उचलून धरतो, आणि आकार जाणण्यासाठी कडेकडेने बोट नेतो. म्हणजेच प्रत्येक गुणासाठी हाताची हालचाल निराळी आहे. खर-श्लक्ष्ण, मृदु-कठिण, शीत-उष्ण, गुरु-लघु ही आमच्या शास्त्रातील गुणांची परिचित युग्मे येथे एकेका हस्तकर्माशी जुळलेली दिसतात. रुग्णाच्या उदरावर एकच हात एकाच रीतीने ठेवून सर्व गुण जाणू पाहणारा वैद्य आपल्या यंत्राचा चौथा हिस्साच वापरतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही सूक्ष्मता जन्मतः पूर्ण नसते, सरावाने वाढते. ब्रेल वाचणाऱ्या अंध व्यक्तींच्या मेंदूत वाचनाच्या बोटाचे क्षेत्र विस्तारलेले असते, आणि तंतुवाद्य वाजविणाऱ्यांत डाव्या हाताच्या बोटांचे, असे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील अभ्यासांनी दाखविले. जर्मनीतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. फ्रँक हॉफमन यांनी या गोष्टीचा वैद्यकीय उपयोग केला. त्यांनी अंध व अल्पदृष्टी स्त्रियांना स्तनपरीक्षणाचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. दिल्लीतही अशा स्त्रियांना हे शिक्षण देण्यात आले आहे. त्या स्तनावर स्पर्शाने ओळखता येणाऱ्या पट्ट्या लावतात आणि एकही जागा न सुटता क्रमाने बोटे नेतात. येथे दैवी शक्ती कोठेही नाही. आहे ती पद्धत आणि तिचा रोजचा सराव.

शास्त्रकारांची दृष्टी

हाच विचार आमच्या आचार्यांनी अत्यंत व्यवहार्य रीतीने मांडला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्याय पाहावा. कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनाचा अभ्यास. मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ यांवर वेधनाचा. किडीने पोखरलेले लाकूड, बांबू, नळ व कोरड्या भोपळ्याचे तोंड यांवर एषणाचा. पातळ व जाड वस्त्रांच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर सीवनाचा. शास्त्र पुष्कळ ऐकलेला असला तरी ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अयोग्य, असा आचार्यांचा दंडक आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून नरसी हे आमच्या जिल्ह्यातील गाव प्रसिद्ध आहे आणि नामदेव शिंपी कुळातील होते. सुईचा टाका कापडाच्या कोणत्या घडीतून गेला हे शिंप्याला बोटाने कळते. सुश्रुताचार्यांनी आपल्या शिष्यांना नेमक्या त्याच अभ्यासाला बसविले होते.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील परिमर्शनीय अध्यायात याहूनही सूक्ष्म गोष्ट आहे. रुग्णाचे शरीर स्पर्शाने परीक्षावयाचे तर स्पर्श करणारा हात प्रकृतिस्थ असला पाहिजे, अथवा दुसऱ्याकडून स्पर्श करवून घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. आजच्या भाषेत हे मापनयंत्राचे प्रमाणीकरण होय. मोजणारे यंत्रच तापलेले वा गारठलेले असेल तर मापन खोटे ठरणार, ही जाणीव त्या काळी होती.

भैषज्यकल्पनेत तर स्पर्शावाचून पाऊल पुढे पडत नाही. स्नेहपाकात कल्क दोन बोटांत वळून वर्ती होते की नाही हे पाहतात. किंचित ओलसर कल्क मृदुपाकाचा, ओलावा गेलेला पण कोमल कल्क मध्यमपाकाचा, किंचित कठिण कल्क खरपाकाचा निदर्शक. नस्यासाठी मृदु, अभ्यंगासाठी खर हा भेद त्या दोन बोटांवर अवलंबून आहे. अवलेह सिद्ध झाला म्हणजे दाबल्यावर त्यावर बोटाची मुद्रा उमटते. भस्म तर्जनी व अंगुष्ठ यांत चोळले असता बोटांच्या रेषांत शिरून राहिले तर ते रेखापूर्ण. खलात मर्दन करताना आरंभी बत्त्याच्या दांड्यातून हाताला कचकच जाणवते. द्रव्य सूक्ष्म होत गेले की ती विरते व हाताला केवळ चिकट, मऊ ओढ लागते. हे वाचून समजत नाही. ज्याने दोन प्रहर खल चालविला आहे, त्यालाच ते ठाऊक असते. तयार औषध वापरण्यात दोष नाही. परंतु ज्याने एकही पाक स्वतः उतरविला नाही, त्याला बाजारातील तेल योग्य पाकाचे आहे की नाही हे तपासण्याचे साधनच उरत नाही. काहिलीपाशी उभा असलेला आमचा शेतकरी या बाबतीत आमच्यातील अनेकांच्या पुढे आहे.

शलाकेच्या टोकावर

हळदीत टोचलेल्या काडीचा उल्लेख वर केला आहे. उपकरणाच्या टोकाशी घडणारी गोष्ट बोटाला जणू त्या टोकाशीच जाणवते, हा स्पर्शाचा विलक्षण धर्म आहे. अंध व्यक्तीची काठी, गवंड्याची थापी, सुताराचा रंधा, सर्वांत तोच आहे. वैद्यकात त्याचे सर्वांत जबाबदारीचे उदाहरण म्हणजे भगंदरातील एषण.

क्षारसूत्राचे कर्म करणाऱ्या वैद्यांना हे नव्याने सांगावयास नको. एका हाताची तर्जनी गुदमार्गात असते आणि दुसऱ्या हातातील एषणी बाह्य छिद्रातून हलकेच आत जात असते. डोळ्यांना मार्ग दिसत नाही. एषणीचे टोक मार्गातून सरकत असताना लागणारा सौम्य विरोध आणि भिंतीवर अडल्यावर लागणारा कठीण विरोध यांतील भेद बोटांनी ओळखावयाचा असतो. आत असलेली तर्जनी टोकाच्या आगमनाची वाट पाहत असते. येथे किंचित बळ अधिक झाले तर एषणी स्वतःच नवा मार्ग पाडते, आणि ज्या रोगातून मुक्तता द्यावयाची तोच रोग वाढतो. हा मिथ्यामार्ग टाळणे हे सर्वस्वी स्पर्शाचे काम आहे. आज चुंबकीय अनुनाद चित्रणाने भगंदराचा नकाशा आधी मिळू शकतो आणि गुंतागुंतीच्या रुग्णात तो घ्यावाच. परंतु नकाशा हाती असला तरी वाट बोटालाच चालावी लागते. हातमोजे अनिवार्य आहेत. ते बोटांना घट्ट बसणारे व पातळ असावेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.

क्षारसूत्राची निर्मिती हेही हस्तकौशल्यच. प्रमाणित पद्धतीत सुताला एकवीस लेप दिले जातात: अकरा स्नुहीक्षीराचे, सात स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे, आणि शेवटचे तीन स्नुहीक्षीर व हरिद्राचूर्णाचे. प्रत्येक लेपानंतर सूत वाळले की नाही, लेप सर्वत्र सारखा बसला की कोठे गाठ राहिली, हे बोटांतून सूत ओढून पाहावे लागते. चक्रदत्ताने स्नुहीक्षीर आणि हळदीच्या चूर्णाने भावित केलेल्या सूत्राचा उल्लेख केला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कर्माचे पुनरुज्जीवन केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुकेंद्रीय चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार क्षारसूत्राने भरून येण्यास सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रकर्माने चार. परंतु रोगाची पुनरावृत्ती क्षारसूत्राच्या गटात ४ टक्के, तर शस्त्रकर्माच्या गटात ११ टक्के आढळली. हातावर आधारलेले कर्म मोजमापाच्या कसोटीला उभे राहू शकते, हे या चाचणीने दाखवून दिले.

स्पर्शाची मर्यादा

स्पर्शाचे गुणगान येथवर झाले. आता त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. कारण ज्या साधनाची मर्यादा ठाऊक नाही ते साधन घातक ठरते.

एक हात थंड पाण्यात, दुसरा ऊन पाण्यात काही वेळ ठेवावा व मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घालावेत. एका हाताला तेच पाणी ऊन आणि दुसऱ्याला थंड लागते. स्पर्श हा तुलना करणारा आहे. तो निरपेक्ष अंक सांगत नाही. प्रकृतिस्थ हाताची चरकाचार्यांची अट येथे सार्थ होते, आणि ज्वर किती हे जाणण्यास तापमापकच लावला पाहिजे, हेही सिद्ध होते.

दुसरी मर्यादा द्रव्याच्या अंतर्गत स्वरूपाविषयीची. हळकुंडाला झळाळी यावी म्हणून शिशाचे क्रोमेट हे पिवळे विषारी द्रव्य लावले जाते, असे बांगलादेशातील अभ्यासातून २०१९ साली पुढे आले. त्यानंतरच्या काळात भारतातील काही शहरांतील नमुन्यांतही शिसे आढळले आहे. असे हळकुंड हाताला अधिकच गुळगुळीत लागेल. बोटाला शिसे कळत नाही. दशलक्ष भागांत १० भाग ही शिशाची मर्यादा प्रयोगशाळेतच तपासावी लागते. भस्माचेही तसेच. रेखापूर्णता कणाची सूक्ष्मता सांगते, कणाचे रसायन सांगत नाही. म्हणूनच रसशास्त्रकारांनी त्या एका परीक्षेवर न थांबता अपुनर्भव व निरुत्थ या अग्नीच्या परीक्षा जोडल्या. केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली, ती त्याच परंपरेतील पुढची पायरी आहे, असे आम्ही मानतो.

तिसरी मर्यादा आम्हांस अधिक जवळची आणि म्हणून अधिक बोचणारी आहे. नाडीपरीक्षा शार्ङ्गधरसंहितेपासून आपल्या ग्रंथांत आली आणि योगरत्नाकराने तिला अष्टविध परीक्षेत प्रथम स्थान दिले. परंतु एकाच व्यक्तीची नाडी निरनिराळ्या नोंदणीकृत वैद्यांनी स्वतंत्रपणे पाहिली असता त्यांच्या निर्णयांत एकवाक्यता अत्यल्प ते अल्प असते, असे वृंदा कुरंडे व सहकाऱ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. यावर रोष व्यक्त करणे सोपे आहे. त्याने काही साधत नाही. याचा अर्थ नाडी निरर्थक, असा नव्हे. ज्या बोटांना सुरकुत्यांचा १० नॅनोमीटरांचा भेद कळतो, त्यांना नाडीची गती, ताण, भरीवपणा आणि लय यांतील भेद निश्चित कळू शकतात. परंतु कळलेल्या भेदाला कोणते नाव द्यावे, यावर आपण एकत्र बसून बोटे जुळविलेली नाहीत. हे जोवर होत नाही, तोवर नाडीवरून सर्व काही सांगण्याचा दावा करणारा वैद्य आपल्या शास्त्राची हानीच करीत असतो, आणि त्याची किंमत उपचारास विलंब होणाऱ्या रुग्णाला मोजावी लागते.

दुधाळ्याच्या वेधशाळेपासून

येथे आमच्या जिल्ह्यातील दुसऱ्या नमुन्याकडे वळू. दुधाळा परिसरातील वेधशाळेला २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह केंद्रीय मंत्रिमंडळाची संमती मिळाली. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. त्यांतून जाणारा लेसर किरण. आणि दूरच्या कृष्णविवरांच्या मीलनातून आलेली लहर आली की या भुजांच्या लांबीत होणारा बदल. हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतो. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. एवढे सूक्ष्म मापन करणाऱ्या यंत्राला सर्वांत मोठे भय असते ते आपल्याच कोलाहलाचे: जमिनीची थरथर, वाऱ्याचा दाब, वाहनांची ये-जा. म्हणून त्याचे आरसे तंतूंनी टांगलेले असतात, आणि शांत जागा निवडावी लागते.

परंतु आम्हांस या वेधशाळांची अधिक शिकण्याजोगी गोष्ट निराळीच वाटते. सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेतील यंत्रांच्या नोंदीत एक ठळक लहर दिसली. शेकडो शास्त्रज्ञांनी कित्येक महिने तिचा अभ्यास केला, शोधनिबंधाचा मसुदाही सिद्ध केला. मार्च २०११ मध्ये सर्वांसमक्ष एक बंद लिफाफा उघडण्यात आला, तेव्हा ती लहर मोजक्या जणांनी मुद्दाम गुप्तपणे यंत्रात घातलेली होती, असे प्रकट झाले. अशी परीक्षा होऊ शकते हे सर्वांना ठाऊक होते. केव्हा होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. आपले यंत्र आणि आपली मने खरे-खोटे ओळखतात का, याची ती परीक्षा होती. तीत कोणाचा अपमान झाला नाही. पाच वर्षांनी खरी लहर जाहीर झाली तेव्हा जगाने विश्वास ठेवला, त्याचे एक कारण ती परीक्षा होय.

सूक्ष्म यंत्राला तीन गोष्टी लागतात: शांतता, प्रमाणीकरण आणि झाकलेली परीक्षा. पहिल्या दोन आमच्या आचार्यांनी दिल्या. शांत मनाने, प्रकृतिस्थ हाताने आणि योग्येने सिद्ध झालेल्या बोटांनी परीक्षा करावी, असा त्यांच्या उपदेशाचा सारांश आहे. तिसरी गोष्ट आपण आपल्या परंपरेत जाणीवपूर्वक जोडली पाहिजे. त्यासाठी मोठा निधी वा प्रयोगशाळा लागत नाही. तालुक्याच्या मासिक सभेत सहज करता येतील असे काही अभ्यास आम्ही सुचवितो.

पहिला : कागदाखाली एक केस ठेवून डोळे मिटून बोटाने तो शोधावा. जमले की वर दुसरा कागद, मग तिसरा ठेवावा. कितव्या कागदापर्यंत केस सापडतो याची नोंद दर महिन्यास ठेवावी.

दुसरा : एकच चूर्ण ६०, ८५ आणि १२० क्रमांकांच्या चाळण्यांतून गाळून तीन नमुने करावेत. त्यांवरील खुणा सहकाऱ्याने झाकाव्यात व आपण स्पर्शाने क्रम लावावा.

तिसरा : रुग्णाला हात लावून तापमानाचा अंदाज प्रथम लिहावा व नंतर तापमापक लावावा. पन्नास नोंदींनंतर आपला हात कोणत्या बाजूला चुकतो हे ज्याचे त्याला कळेल.

चौथा : दोन वैद्यांनी एकाच व्यक्तीची नाडी परस्परांशी न बोलता पाहावी. आरंभी केवळ गती, लय, ताण व भरीवपणा एवढेच लिहावे. दोषांचा निर्णय पुढे. दोन्ही कागद नंतरच उघडावेत.

पाचवा : ज्यांना भगंदराचे कर्म शिकावयाचे आहे त्यांनी सुश्रुताचार्यांच्या आज्ञेप्रमाणे पोखरलेल्या लाकडात व बांबूत एषणी चालवावी, मार्ग दुसऱ्याने निवडावा व झाकावा.

या नोंदी वर्षभर ठेवल्या तर ज्येष्ठ वैद्यांचा हात नवशिक्यांच्या हातापेक्षा खरोखर किती पुढे आहे, हेही कळेल. पुढे असल्यास तो ठेवा शब्दांत व अभ्यासात उतरवून पुढील पिढीला देता येईल. एखाद्या बाबतीत पुढे नसल्यास तेथे उपकरणाचा आधार निःसंकोच घेता येईल. दोन्ही परींनी लाभ रुग्णाचाच आहे. संघटनेच्या सभासदांनी आपापल्या नोंदी या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात, अशी आमची विनंती आहे. नोंदी अनुकूल असोत वा प्रतिकूल, त्या जशाच्या तशा असाव्यात.

दुधाळ्याची वेधशाळा कार्यान्वित होण्यास अजून काही वर्षे लागतील. वसमतच्या शिवारात मात्र येत्या माघातही हळद निघेल, आणि कोणाचा तरी हात ती दाबून पाहील. तेवढाच सराव आपल्याही बोटांना असावा. इत्यलम्.